पाव्हण्याची जात आडजात

बापू रामटेक्यांच्या कुत्र्याकडे बोट दाखवून ‘कोणत्या जातीचा हो?’ असं विचारण्याची चूक आमच्या नागपूरच्या प्रताप नगरात राहायला आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी करायचा. बापू फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले असत. विचारणाऱ्याला ते आधी आत बोलावत, पाणी देत, कसं काय विचारत आणि माणूस ग्लास खाली ठेवायच्या बेतात आला की सांगत, ‘आडजात.’

हा शब्द त्यांच्या धंद्यातला. लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत त्यांची सारी नोकरी झाली. ओंडका बोटाच्या पेराने ठोकायचा, कापल्या जागी नाक लावायचं आणि हा सागवान, हा बिजा, हा हळदू असं सांगायचं, हे त्यांचं काम. त्या बाजारात सागवान तेवढं सागवान. बाकी जंगलातून जे काही येतं, मग ते कितीही टणक आणि देखणं असो, त्या सगळ्याला मिळून एकच नाव, आडजात.

‘ठरवलं कोनं?’ बापू विचारत. ‘ज्याच्यापाशी सागवान होतं त्यानं. आडजातवाल्याले कोनी विचारलं काय?’

यावर समोरचा हसायचा, पण जरा जपून हसायचा. पुन्हा जातीचा विषय तो बापूंच्या फाटकाशी काढायचा नाही.

नोकरी सुटली तरी बापूंचं नाक सुटलं नव्हतं. ते आंबा हुंगत, वर्तमानपत्र हुंगत, नवा शर्ट घालण्याआधी हुंगत, आणि माझ्या बायकोने दिलेली पुरणपोळीसुद्धा तिच्यासमोरच हुंगून मगच खात. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी दिवाणखान्यातल्या कपाटावर टकटक केलं, कान दिला आणि मला हळूच विचारलं, ‘भाऊ, सागवान म्हून घेतलं काय?’ मी हो म्हणालो. ‘असू द्या, असू द्या,’ बापू म्हणाले आणि विषय बदलला. त्या दिवसापासून माझी बायको त्या कपाटाकडे आणि माझ्याकडे एकाच नजरेने पाहू लागली.

त्या पहिल्या भेटीत त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं नाही, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. तुम्ही नुसतं नाव सांगितलं तर विचारणारा आडनावाची वाट पाहत नुसता हसत राहतो. बापूंनी मला ‘भाऊ’ केलं आणि तेवढ्यावर आमचं सगळं आयुष्य निभावलं.

त्यांच्या वडिलांनी नागपुरात बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बापू वडिलांच्या खांद्यावर होते. एवढ्या मोठ्या दिवसाची त्यांना काय आठवण असेल म्हणून मी एकदा मोठ्या आदराने विचारलं. ‘चप्पल हरवली,’ बापू म्हणाले. ‘एक पायातली पडली गर्दीत. मी रडून राहिलो होतो अन् माझा बाप हसून राहिला होता. नंतर तो सांगे, जात तिथंच मैदानावर सोडून आलो, तिच्या सोबतीले ह्याची चप्पल.’ मग त्यांनी नेहमीप्रमाणे चहा हुंगला.

आता कुत्र्याकडे वळायला हवं. मला कुत्री आवडत नाहीत. त्यांनाही मी आवडत नाही आणि या बाबतीत आमचं एकमत आहे. पण बापूंबद्दल लिहायचं आणि कुत्रा टाळायचा हे शक्य नाही. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता मौद्याला बँकेत नोकरीला होती, रोज जाऊन-येऊन. एका संध्याकाळी तिने पिशवीतून एक काळं पिल्लू आणलं. एक कान उभा, एक पडका, छातीवर दही सांडल्यासारखा डाग. ‘बाबा, दोन दिवसांचा पाहुणा आहे,’ ती म्हणाली. पाहुणा काही गेला नाही, म्हणून त्याचं नाव पडलं पाव्हणा.

पाव्हणा मोठा झाला तसा बापूंचा एक सिद्धांतही त्याच्यासोबत वाढला. ‘कुत्रं नातं ओळखते, जात नाई ओळखत.’ हे वाक्य ते दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सर्वांना ऐकवत. त्यांच्या मते मायलेकरं, भाऊबहिणी कितीही वर्षांनी भेटोत, वासावरून एकमेकांना ओळखणारच. पण आपण अमुक जातीचे आहोत हे कुत्र्याच्या गावीही नसतं.

या सिद्धांताला गल्लीत एकच विरोधक होता, आमचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे ब्रूनो नावाचा लॅब्रेडॉर होता आणि ब्रूनोकडे शिक्क्यानिशी वंशावळ होती. डॉक्टरांचं म्हणणं, जातिवंत कुत्रा आपल्या जातीचा कुत्रा बरोबर ओळखतो, गावठी कुत्र्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बापूंनी ती वंशावळ हातात घेऊन आदराने वाचली. ‘ह्याच्यात ह्याच्या पणज्याचं नाव हाये,’ ते म्हणाले. ‘माझ्या पणज्याचं मले माहीत नाई.’ डॉक्टरांनी ब्रूनोला पंजा द्यायला सांगितलं.

शेवटी एका रविवारी सकाळी मैदानावर परीक्षा ठरली. डॉक्टरांनी त्रिमूर्ती नगरातून आणखी एक लॅब्रेडॉर मागवला. एका कोपऱ्यात तो, दुसऱ्या कोपऱ्यात पाव्हणा, तिसऱ्यात कुणाचं तरी पांढरं पॉमेरेनियन, आणि मधे ब्रूनो. फिरायला आलेली सगळी मंडळी फिरायचं सोडून गोळा झाली. डॉक्टरांनी पट्टा सोडला. ब्रूनो रुबाबात निघाला, आपल्या जातभाईच्या शेजारून सरळ पुढे गेला आणि पाव्हण्याच्या मागच्या बाजूला नाक लावून उभा राहिला. नंतर त्याने मान वर केली, वाऱ्यात काहीतरी पकडलं आणि मैदान ओलांडून थेट झणझणीत रस्सा ओतून देणाऱ्या तर्री-पोह्याच्या गाडीवर गेला. त्याच्यामागे दुसरा लॅब्रेडॉर गेला, पाव्हणा गेला, पॉमेरेनियनही गेलं, आणि चौघं एका ओळीत बसून पोहेवाल्याकडे पाहू लागले.

‘डॉक्टर, ह्यायची एकच जात हाये,’ बापू म्हणाले. ‘तर्रीवाली.’ डॉक्टर बरेच दिवस दुसऱ्या मैदानावर फिरायला जात होते.

सिद्धांताचा अर्धा भाग असा सिद्ध झाला. उरलेल्या अर्ध्या भागाची वेळ आली ती एका भलत्याच गोष्टीतून.

सुजातासाठी स्थळं पाहणं चालू होतं. एका दुपारी भंडाऱ्याकडचे लोक तिला पाहायला यायचे होते. शेजारधर्म म्हणून मला बोलावलेलं. बापू आत शर्ट बदलत होते. विमलवहिनी, म्हणजे बापूंची बायको, स्वयंपाकघरात पोहे परतत होत्या. फाटक वाजलं. मी उठून दार उघडलं, तर मुलगा, मुलाचे आईवडील आणि एक मामा पायरीवर बूट काढत होते. तेवढ्यात आतून वहिनींचा खणखणीत आवाज आला, ‘अजी, पाव्हणा आला वाटते. आत नका येऊ देऊ त्याले, नालीत लोळून आला असन. वट्ट्यावरच बसवा अन् पाणी तिथंच ठेवा. अन् पोह्यायले तोंड लावू देऊ नका, मागच्या बारीनं सारे खाऊन गेला.’

मुलाच्या वडिलांचा एक बूट हातात, एक पायात. मी हसायचा प्रयत्न केला आणि तो सपशेल फसला. खरा पाव्हणा तेव्हा दिवाणाखाली झोपला होता. त्याला बाहेर ओढून, हाच तो, हाच तो, असं सांगत बापूंनी खूप सारवासारव केली. पण कुत्र्याचं नाव पाव्हणा असतं यावर भंडाऱ्याच्या मंडळींचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ‘कळवतो’ म्हणून गेली ती गेलीच.

वहिनी डोक्याला पदर बांधून बसल्या. सुजाता मात्र मोरीत तोंडावर हात दाबून हसत होती. बापूंनी तिला पाहिलं. ‘काहून हासून राहिली वं पोट्टे? स्थळ मोडलं तुयं.’ हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने सांगून टाकलं. मौद्याच्या पलीकडच्या गावचा निखिल नावाचा मुलगा, तिथल्याच शाळेत मास्तर, घरी धानाची शेती. पाव्हणा त्याच्याच घरच्या कुत्रीचं पिल्लू होता.

निखिलचं घराणं शेतकरी, जुन्या वळणाचं, सात पिढ्यांत कुणी सोयरीक जातीबाहेर केलेली नाही. बापू एक दिवस फाटकाशी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘भाऊ, मी जनमभर सांगत आलो जात नाई म्हून. आता पोरगी म्हणते, खरं हाये बाबा. मंग मी काय म्हनू?’ त्यांना भीती लेकीची नव्हती. तिला त्या घरात उंबऱ्याबाहेर बसवतील, याची होती. माणूस नेहमी थट्टा करत असला की त्याच्या पोटातलं भय पटकन दिसत नाही. मला त्या दिवशी दिसलं.

निखिलचे वडील दौलतराव नाही म्हणत नव्हते. ते म्हणत, ‘पाहू.’ निखिलने विचारलं, पाहू. गावच्या पोलीस पाटलाने विचारलं, पाहू. बापू वैतागून गेले. ‘नाई म्हटलं तं भांडता येते गा,’ ते मला म्हणाले. ‘ह्या पाहूसंग काय भांडाव?’

मग एके सकाळी त्यांनी माझ्यासमोरच दौलतरावांना फोन लावला. लग्नाचा शब्द काढला नाही. ‘तुमच्या चंपीचा पोरगा माझ्याकडं हाये,’ म्हणाले. ‘मायलेकराची भेट करून द्याव म्हणतो. तुमाले काय वाटते, ओळखन काय ते?’ पलीकडे दौलतराव एकदम मोकळे झाले. चंपी म्हणजे काय साधी कुत्री आहे का, ती आपल्या पोटचं पिल्लू विसरेल का, असं बरंच काही ते बोलले. बापू म्हणाले, मी तर हेच सगळ्यांना सांगत असतो. दोन्ही बापांचं पहिल्यांदा कशावर तरी जमलं होतं. फोन ठेवताना दौलतराव म्हणाले, ‘आना त्याले. रक्तानं रक्त ओयखलं, तं मंग पुढचं बोलू.’

बापूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गल्लीत त्यांच्या हक्काची गाडी माझी होती.

त्या प्रवासाबद्दल मी फार सांगणार नाही. पाव्हण्याला गाडी लागते हे कुणीच मला सांगितलं नव्हतं. बापू कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे बसले होते, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. मागे सुजाता, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझ्या सीट कव्हरचं वाटोळं करणारा पाव्हणा. तिने सकाळीच त्याला शाम्पूने घासून आंघोळ घातली होती. सासरी जायचं होतं ना.

दौलतरावांनी अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. घराचं दार उघडं होतं, पण आत या असं कुणी म्हटलं नाही. उंच, हडकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी पाणी दिलं, बर्फीचा डबा बाजूच्या खाटेवर ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुमचं पूरं नाव?’ मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. बापू जमिनीकडे पाहत होते. दाराआड निखिलची आई उभी होती, तिचा नुसता पदर दिसत होता. निखिल खांबाला टेकून असा उभा होता की जणू त्यालाच कुणीतरी हुंगणार आहे.

‘सोडा,’ दौलतराव म्हणाले.

निखिलने चंपीची दोरी सोडली. म्हातारी, तांबूस, अंगापिंडाने थोराड कुत्री. सुजाताने पाव्हण्याला पुढे केलं. तो शेपटी हलवत गेला. चंपीने त्याचं तोंड हुंगलं, मान हुंगली, एक फेरी मारली. बापू खुर्चीच्या टोकावर आले होते. दौलतरावही पुढे वाकले होते. मग चंपीच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि तिने आपल्या लेकराचा उभा कान असा धरला की पाव्हणा किंचाळत माझ्या खुर्चीखाली घुसला. खुर्ची गेली, मी गेलो, आणि चंपी माझ्या अंगावरून उडी मारून त्याच्या मागे गेली. निखिलने तिला कशीबशी पकडून बांधली.

मी पँट झटकत उठलो.

‘नाई ओयखलं,’ दौलतराव म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

मी बापूंच्या कानाशी लागलो. म्हटलं, शाम्पूचं सांगा, गाडीत उलटी झाल्याचं सांगा, याला स्वतःचा वास राहिलाच कुठे. बापूंनी मान हलवली. ‘नाई भाऊ. बाजी मीच मांडली होती. हारलो तं हारलो.’ ते उठले, दौलतरावांना हात जोडले. सुजाता पाव्हण्याच्या कानावर रुमाल दाबून बसली होती. तिच्याकडे पाहायची बापूंची हिंमत होईना. मलाही झाली नाही.

तेव्हा दारातला पदर बाहेर आला.

‘काय हारले?’ निखिलची आई नवऱ्याला म्हणाली. ‘कुत्रीनं कुत्रं ओयखलं नाई म्हून पोराचं लगन मोडता काय तुमी? ते चंपी तं तुमालेबी ओयखत नाई. बैलपोयाच्या दिवशी मिश्या काढून, नवीन टोपी घालून आले होते, तं धोतर धरलं होतं तिनं तुमचं. मंग म्या काय तुमाले घरात नाई घेतलं?’

निखिल खांबामागे गेला. सुजाताचा रुमाल कानावरून तिच्या स्वतःच्या तोंडावर गेला. दौलतराव मिशीवरून हात फिरवत राहिले, बहुधा ती जागेवर आहे का हे पाहत असावेत. त्यांनी तोंड उघडलं, आणि सगळ्यांना माहीत होतं की आता ‘पाहू’ येणार.

‘अन् पाहू म्हनू नका आता,’ बाई म्हणाल्या. ‘लय पाहून झालं. माणसं उन्हात बसले हायेत.’

दौलतराव एकदम हसले. मोठ्याने नाही, नुसते खांदे हलले. मग त्यांनी बर्फीचा डबा खाटेवरून उचलला, काखेत मारला आणि बापूंच्या कोपराला धरलं. ‘चाला, आत चाला. कुत्र्याच्या नादी लागून आपन येडे बह्याड झालो.’ बापू उंबऱ्याशी क्षणभर थांबले. दौलतरावांनी कोपर सोडलं नाही. आत गेल्यावर बापूंनी आधी दाराच्या चौकटीवर टकटक केलं आणि मी देवाचं नाव घेतलं. ‘सागवान,’ ते म्हणाले. दौलतराव म्हणाले, ‘माह्या आज्यानं लावलेलं झाड.’ तेवढ्यावर दोघं तासभर बोलत बसले.

परत येताना बापू खिडकीतून धानाची शेतं पाहत होते. नंतर म्हणाले, ‘म्हंजे भाऊ, कुत्रं जातबी नाई ओळखत अन् नातंबी नाई ओळखत. मंग ओळखते काय?’

‘तर्री,’ मी म्हणालो.

ते हसले, पण शंका गेली नव्हती. मागे पाव्हणा सुजाताच्या मांडीवर घोरत होता. त्याच्याकडे वळून पाहत बापू म्हणाले, ‘ज्याच्यासंग राहते, त्याले ओळखते. एवढंच असन.’ दुसऱ्या दिवशी फाटकाशी त्यांनी सिद्धांतात ही दुरुस्ती जाहीर केली, आणि सगळ्यात आधी डॉक्टरांना सांगितली.

लग्न झालं. दोन्हीकडचे काही लोक आले नाहीत, काही आले आणि नंतर म्हणाले की आम्ही यायलाच नको होतं. बापू आणि दौलतराव एकमेकांकडे जाऊन-येऊन राहू लागले. चंपी पाव्हण्याला शेवटपर्यंत चावत राहिली.

बापू गेले त्या उन्हाळ्यात मी पुण्याला लेकाकडे होतो. बातमी फोनवर कळली आणि मी त्या परक्या घराच्या बाल्कनीत उभा राहून रडलो. त्यामुळे माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीच्या हिवाळ्यातलं आहे, सुजाताच्या मुलीच्या बारशाचं, त्याच गावच्या अंगणात.

पाळण्याभोवती बायकांचा वाद चालला होता. नाक दौलतरावांचं, हनुवटी विमलवहिनींची, रंग कोणाचा यावर तर चांगलंच जुंपलं होतं. कुणीतरी बापूंना विचारलं, आजोबा, तुम्ही सांगा, कोणावर गेली? बापूंनी नात उचलली आणि तिची टाळू हुंगली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि जे भोकाड पसरलं ते थांबेना. दौलतराव पुढे झाले, ‘आना इकडं, घरच्या मानसापाशी राह्यन.’ त्यांनी घेतली. ती तितक्याच जोरात रडत राहिली. त्यांनी परत बापूंकडे दिली. तोच आवाज.

बापूंचा चेहरा उजळला. ‘पाहा भाऊ,’ ते मला म्हणाले, ‘दोघायपाशी सारखीच बोंबलते. इले फरकच समजत नाई.’

मला अंधार पडायच्या आत नागपूर गाठायचं होतं. गाडी वळवताना मी हात केला, पण बापूंचं लक्ष नव्हतं. अंगणाच्या मधोमध उभे राहून ते पोरीला पुन्हा एकदा दौलतरावांच्या हातात देत होते आणि ती रडते का, हे दोघं कान देऊन ऐकत होते.